सात देशांचे उच्चार, एका मुलाचे कान



इंग्रजी शिक्षकांच्या या परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभरातल्या सगळ्या घडामोडींचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. आज ती रीत बाजूला ठेवण्याची परवानगी मागतो. माझ्या शिक्षकी आयुष्याचा मोठा भाग कोरियन विद्यार्थ्यांमध्ये गेला आणि तिथे एका प्रश्नाने माझा पाठलाग कधी सोडला नाही. इंग्रजी उच्चार शिकवायचे, तर ते कोणाचे?

कोरियात तिसरीपासून इंग्रजी हा नियमित विषय झाला १९९७ साली. त्याआधी, १९९५ मध्ये, परदेशी शिक्षक सरकारी शाळांत आणण्याची ‘एपिक’ योजना सुरू झाली. या शिक्षकांचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. करार एका वर्षाचा. काही जण तो वाढवून घेतात, काही परत जातात. त्यामुळे तिसरीत अमेरिकन सर, चौथीत न्यूझीलंडच्या बाई आणि पाचवीत आयरिश सर, असं एखाद्या मुलाच्या वाट्याला सहज येऊ शकतं.

या मुलाच्या कानावर काय पडतं ते पाहा. अमेरिकन शिक्षक ‘वॉटर’ म्हणतो तेव्हा मधला ट जिभेच्या एका हलक्या टिचकीत उरकतो. कोरियन भाषेतला र दोन स्वरांच्या मध्ये नेमका असाच उच्चारला जातो. मुलाला ‘वॉरर’ ऐकू येतं, आणि त्याच्या भाषेच्या हिशेबाने त्याने बरोबरच ऐकलेलं असतं. पुढच्या वर्षी ब्रिटिश बाई येतात. त्या मधला ट स्वच्छ उच्चारतात, पण शेवटचा र गाळतात. न्यूझीलंडच्या माणसाचं ‘पेन’ हे ‘पिन’सारखं वाटतं. ऑस्ट्रेलियन ‘डे’ हा ‘डाय’कडे झुकतो. आयर्लंडच्या पुष्कळ भागांत ‘थ्री’ आणि ‘ट्री’ जवळपास एक होतात. ‘कॅन’ म्हणजे ‘जमेल’ की ‘कान्ट’ म्हणजे ‘जमणार नाही’, हे अमेरिकन माणसाच्या तोंडून ऐकताना ओठातल्या ओठात राहिलेल्या एका ट-वर आणि आघातावर ठरतं. लंडनचा माणूस तिथे स्वरच बदलतो, म्हणून चटकन कळतं.

पालक तक्रार करतात की मूल गोंधळतं, एकच उच्चार शिकवा. ही तक्रार मी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून पुष्कळदा ऐकली आहे. तिच्यामागची काळजी खरी आहे. बारावीच्या ‘सुनुंग’ प्रवेशपरीक्षेत इंग्रजीच्या ४५ प्रश्नांपैकी १७ ऐकण्याचे असतात. तो भाग चालू असताना देशभर विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात. ज्या देशात एका ध्वनिफितीसाठी आकाश रिकामं होतं, तिथल्या आईवडिलांना कोणता उच्चार कानावर पडतो याची धास्ती वाटणारच. ती ध्वनिफीत बहुतांशी अमेरिकन वळणाची असते. पण तोच मुलगा पदवी घेऊन नोकरी शोधू लागला की त्याला ‘टोइक’ परीक्षा द्यावी लागते, आणि २००६ पासून त्या परीक्षेत अमेरिकन आवाजांबरोबर ब्रिटिश, कॅनेडियन आणि ऑस्ट्रेलियन आवाजही असतात. नोकरी लागल्यावर फोनवर भेटतो तो व्हिएतनामचा पुरवठादार नाहीतर चेन्नईचा अभियंता. त्यांचा आवाज या दोन्ही परीक्षांत नसतो.

मुलं अनेक उच्चारांनी गोंधळतात का, याचं उत्तर देणारे प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९१ आणि १९९३ मध्ये जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजीतला र आणि ल कानाने ओळखायला शिकवलं. कोरियन मुलांची अडचण याच घरातली, कारण त्यांच्याकडेही या दोहोंसाठी एकच अक्षर आहे. एकाच व्यक्तीचा आवाज ऐकून जे शिकले त्यांची त्या आवाजापुरती प्रगती झाली, पण नवा माणूस बोलू लागला की ती टिकेना. अनेकांचे आवाज ऐकून जे शिकले, त्यांनी कधी न ऐकलेल्या माणसाचे र आणि लसुद्धा ओळखले. आवाजांची विविधता हीच शिकवण्याची युक्ती ठरली. दरवर्षी नवा शिक्षक येतो हे कोरियन शाळांचं दुर्दैव मानलं जातं. ते सुदैव करता येईल, पण त्यासाठी कोणीतरी मुलांना बसवून सांगायला हवं की हे सर हा शब्द असा म्हणतात, मागच्या बाई तसा म्हणायच्या, आणि दोन्ही बरोबर आहेत. सांगणारं कोणी नसेल, तर मूल समजतं की आपलाच कान खराब आहे.

कानाचं हे झालं. तोंडाचा न्याय वेगळा आहे, आणि तिथे कोरियाने मुलांवर फार अन्याय केला आहे असं माझं स्पष्ट मत आहे. र आणि ल नीट यावेत म्हणून लहान मुलांच्या जिभेखालचा पडदा कापून घेणारे पालक तिथे होते. कोरियाच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००३ साली काढलेल्या लघुपटांच्या मालिकेत पार्क जिन-प्यो या दिग्दर्शकाने ही शस्त्रक्रिया पडद्यावर दाखवली. ती पाहताना माझ्या पोटात कालवलं. निरोगी जीभ असलेल्या मुलाला तिचा काडीचा उपयोग नाही. अमेरिकेत जन्मलेलं कोरियन वंशाचं मूल त्याच जिभेने अस्सल अमेरिकन र म्हणतं.

२००८ च्या जानेवारीत नियोजित राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक यांच्या संक्रमण समितीच्या अध्यक्षा ली क्यंग-सुक यांनी संत्र्याचं उदाहरण दिलं. कोरियन लिपीत इंग्रजी ‘ऑरेंज’ हा ‘ओरेन्जी’ असा लिहितात. अमेरिकेत तसं म्हटलं तर कोणाला कळत नाही, ‘आरिन्जी’ म्हटलं की कळतं, तेव्हा लिहिण्याची पद्धतही बदलावी, असं त्यांचं म्हणणं. देशभर वाद पेटला. उच्चार शिकवणारा माणूस म्हणून मला त्यात एक गोष्ट खटकत राहिली. दोन्ही उच्चारांच्या शेवटी ‘जी’ आहेच. इंग्रजी कान तिथे दोन अवयवांची (सिलेबल्सची) वाट पाहतो, कोरियन तोंड तीन देतं. सगळा वाद पहिल्या स्वरावर झाला, जो लंडन, न्यूयॉर्क आणि डब्लिन इथे तसाही वेगवेगळा आहे. शेवटच्या जादा ‘ई’कडे लक्ष गेलं नाही.

उच्चारांतलं काय शिकवायचं आणि काय सोडायचं, हे मी इथेच ठरवतो. जे सात देशांत सात तऱ्हांनी म्हटलं जातं, त्यासाठी मुलाला छळू नये. जे सातही देशांत सारखं आहे, ते मात्र घोटून घ्यावं.

शब्दातल्या अवयवांची संख्या सातही देशांत जवळपास सारखी आहे. कोरियन भाषेत जोडाक्षराने शब्द सुरू होत नाही आणि शेवटी स, च, ज टिकत नाहीत, म्हणून मध्ये आणि शेवटी स्वर भरला जातो. बेसबॉलचं वेड असलेल्या बुसानमध्ये मी ‘स्ट्राइक’ हाच शब्द घ्यायचो. मुलं ‘सु-तु-रा-इ-कु’ म्हणत बाकावर टिचक्या मारायची. पाच टिचक्या. मग मी एकदाच टिचकी मारून तो शब्द म्हणायचो आणि वर्ग चकित व्हायचा. उपाय सोपा आहे. शब्द शेवटाकडून बांधायचा : आधी ‘राइक’, मग ‘ट्राइक’, मग पुढे नुसता सुस्कारा. बोटं गळ्यावर ठेवायची. स म्हणताना गळा थरथरत नाही. ‘सु’ म्हटलं की लगेच थरथरतो. त्या थरथरीवरून मुलाला आपला जादा स्वर आपणच पकडता येतो. शिक्षक ग्लासगोचा असो की केपटाउनचा, ही खूण बदलत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या, म्हणजे मराठी शिक्षकांच्या, विशेष जवळची आहे. कोरियन मुलं ‘गुड नाइट’चं ‘गुन नाइट’ करतात, ‘पॉप म्युझिक’चं ‘पॉम म्युझिक’, ‘निकनेम’चं ‘निङनेम’. परदेशी शिक्षकांना वाटतं की मूल आळस करतंय. आपण शाळेत व्यंजनसंधी शिकलो : वाक् आणि मय मिळून वाङ्मय, जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ. कोरियन भाषेत तोच नियम आज, रोजच्या बोलण्यात चालतो. ‘गुक’ म्हणजे सूप आणि ‘मुल’ म्हणजे पाणी, पण जोडून म्हणताना ‘गुङमुल’. ‘ओन्ली’चं ‘ओल्ली’ होतं, कारण त्यांच्याकडे न आणि ल शेजारी आले की दोन ल होतात. आपण तत् आणि लीन यांचं तल्लीन करतो, त्याचा हा भाऊबंदच. संधी पाठ केलेल्या माणसाला हा मुलाचा दोष दिसत नाही, व्याकरण दिसतं. आणि व्याकरण दिसलं की उपायही दिसतो. दोन शब्दांमध्ये आधी ठसठशीत थांबा घ्यायला लावायचा, ड सोडून झाल्यावरच ‘नाइट’ म्हणायचं, मग थांबा हळूहळू कमी करायचा.

वाक्यातल्या कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, ही तिसरी गोष्ट. जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली, निरनिराळ्या मातृभाषांचे लोक आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा समजण्यासाठी काय लागतंच, याची मांडणी केली. वाक्यातला मुख्य आघात तीत आहे, स्वरांचा ऱ्हस्वदीर्घपणा आहे. ‘थ’चा तो नाजूक इंग्रजी उच्चार तीत नाही. कोरियात ‘थ’वर किती तास वाया जातात ते मी पाहिलं आहे. त्यातला अर्धा वेळ आघाताला दिला, तर मुलांचं इंग्रजी जगात कुठेही कळेल.

आघाताच्या बाबतीत कोरियात सगळीकडे सारखी स्थिती नाही. सोलच्या बोलीत शब्दाला ठरलेला चढ-उतार नसतो. बुसान आणि देगूकडच्या ग्यंगसांग बोलीत तो आहे, तिथे स्वराच्या उंचीने शब्दाचा अर्थ बदलतो. त्या मुलांना इंग्रजी शब्दातला उंच अवयव दाखवताना मी त्यांच्याच बोलीतल्या जोड्या फळ्यावर लिहीत असे, आणि त्यांचे चेहरे उजळत. कारण त्या बोलीबद्दल शाळेत कोणी चांगलं बोललेलंच नसतं. कोरियाची प्रमाणभाषा म्हणजे सुशिक्षितांची आधुनिक सोलची बोली, अशी अधिकृत व्याख्याच आहे. बुसानच्या मुलाला आधी सोलसारखं बोल म्हणतात, मग अमेरिकेसारखं. वऱ्हाडी किंवा मालवणी घरातून आलेल्या, पुण्याच्या वर्गात गप्प बसलेल्या मुलांना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता आपल्याविषयी. भारत आणि कोरिया यांचा आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि शिक्षकपदवी असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जाण्याची वाट त्याने उघडली. इकडे रांजणगावात एलजी आहे, तळेगावात ह्युंदाई आली आहे, कोरियन कुटुंबं पुण्यात राहतात आणि त्यांची मुलं आपल्या वर्गात बसतात. आपला उच्चार हा आठवा उच्चार आहे, आणि तो लपवण्याचं कारण नाही. मात्र त्याची पारख आपल्याला हवी. आपण ‘पॅक’मधला प अल्पप्राण म्हणतो. कोरियन कान महाप्राणावर फार जागरूक आहे. त्यांच्याकडे चंद्र ‘दाल’, मुलगी ‘त्ताल’ आणि मुखवटा ‘थाल’. हवेचा झोत नसलेला आपला प त्यांना ‘बॅक’मधल्या ब-सारखा ऐकू येऊ शकतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरा, ती हलली पाहिजे. आपण व्ह आणि व एकच करतो, ते व्ह आणि ब एक करतात. म्हणून ‘व्हेस्ट’, ‘वेस्ट’ आणि ‘बेस्ट’ एका ओळीत लिहून शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी मिळून सराव करावा. ज्या ‘झेड’साठी कोरियन मूल ‘जेड’ म्हणतं, तो ध्वनी ‘जाड’ आणि ‘जास्त’ म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या अगदी जवळ आहे.

राजा सेजोंगने १४४३ साली कोरियन लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली, तेव्हा ‘ग’चं अक्षर घसा अडवणाऱ्या जिभेच्या आकाराचं केलं आणि ‘न’चं टाळूला टेकलेल्या जिभेच्या आकाराचं. आपली वर्णमाला कंठापासून ओठांपर्यंत रांगेने येते. तोंडात काय घडतं याचा इतका बारकाईने विचार केलेल्या दोन परंपरा वर्गात समोरासमोर येतात, तेव्हा तिथे जिभेवर सुरी चालवण्याची भाषा निघूच नये.

मी परिषदेपुढे दोन ठराव ठेवतो आहे. एक, आपल्या सदस्यांच्या आवाजात ठरावीक शब्दांचा आणि परिच्छेदांचा ध्वनिसंग्रह व्हावा. नागपूरचे, कोल्हापूरचे, मडगावचे आवाज त्यात यावेत आणि कोरियन शिक्षकांना तो विनामूल्य द्यावा. दोन, पुण्यातल्या ज्या शाळांत कोरियन मुलं आहेत, तिथल्या शिक्षकांना कोरियन ध्वनिव्यवस्थेची ओळख करून देणारं शिबिर येत्या सुट्टीत घ्यावं. संग्रहाच्या शब्दसूचीचा मसुदा मी आणला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा होईल. सूचना लेखी द्याव्यात. पहिल्या सत्राच्या वक्त्यांना आता व्यासपीठावर येण्याची विनंती करतो.