संकोच



उत्तर येत असूनही हात वर न करणारा मुलगा म्हणून तुम्ही मला ओळखता. तेव्हा बोलण्यासाठी विषयही माझ्या ओळखीचाच निवडला आहे : संकोच.

शब्द संस्कृतातला. 'सम्' हा उपसर्ग आणि 'कुच्' हा धातू. मूळ अर्थ आखडणे, मिटणे. विज्ञानाच्या तासाला शिकलेलं 'आकुंचन' याच घराण्यातलं. संस्कृतात कमळ मिटतं तो संकोच आणि उमलतं तो विकास. पुढे आपण विकास रस्त्यांना, पुलांना देऊन टाकला आणि संकोच तेवढा माणसांकडे ठेवला!

मराठीत याचे शेजारी पुष्कळ आहेत. बुजरा नवख्या माणसाला बिचकतो, भिडस्ताला 'नाही' म्हणता येत नाही, ओशाळलेल्याच्या हातून काहीतरी चुकलेलं असतं. संकोचात मात्र काहीच चुकलेलं नसतं. तरी माणूस मिटतो.

शाळेच्या कुंपणाजवळचं लाजाळू आठवतं ना? बोट लावलं की पानाच्या बुडाशी असलेल्या पेशींतलं पाणी सरकतं आणि पान मिटतं. त्यात राग नसतो की तुसडेपणा नसतो. पण पाहणाऱ्याला ते कसं कळावं?

आता जे सांगतो, ते त्याची परवानगी घेऊन. नववीत आपल्यातल्या एकाचे वडील गेले. चौदा दिवसांनी तो वर्गात आला. तो माझ्याच बाकावर बसायचा. काय बोलावं हे मला सुचेना, म्हणून मी दुसऱ्या दिवशी बाकच बदलला. आज सकाळी चहाच्या रांगेत त्याने विचारलं, "तू तेव्हा उठून का गेलास रे? तुझ्या घरच्यांनी सांगितलं होतं का?"

38 वर्षं त्याने हा प्रश्न मनात ठेवला होता. विचारायला त्यालाही संकोच वाटत होता. मी म्हटलं, "नाही रे. मला बोलायला शब्दच सापडत नव्हते." तो म्हणाला, "शब्द कोणाला हवे होते? नुसता बसला असतास तरी चाललं असतं."

लाजाळूचं पान काही मिनिटांत पुन्हा उघडतं. मला जरा जास्त वेळ लागला. आता जेवणाची पंगत बसेल. त्याच्या शेजारची जागा मी धरून ठेवली आहे. कृपया तिथे कोणी बसू नये.