घरातली ओल आणि बुरशी

श्रोतेहो, गणपती जवळ आले की कोकणात एक काम हमखास निघते. मे महिन्यानंतर बंद राहिलेली मुंबईकरांची घरे उघडायची. कुलूप काढले, दार ढकलले, की आधी सामोरा येतो तो कुबट वास. पेटीतल्या चादरीवर ठिपके, कोपऱ्यात भिंतीवर काळी नक्षी, फळीवर हिरवट लव. मग कोणी ऊद जाळतो, कोणी डांबराच्या गोळ्या टाकतो. संध्याकाळपर्यंत वास दबतो आणि सकाळी पुन्हा हजर!

तो जाईल कसा? बुरशी जिवंत आहे, आणि ती वाढते आहे तोवर हा वास येणारच. तिचे बीजाणू हवेत बारा महिने तरंगत असतात. त्यांना घराबाहेर ठेवणे कोणाच्या हातचे नाही. त्यांचे अन्न म्हणजे लाकूड, कागद, कापूस, चामडे, अगदी भिंतीवरची धूळसुद्धा. हे सारे घरातून कसे काढणार? काढता येते ते पाणी. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत पुरती सुकली, तर बुरशीला फारसा वाव मिळत नाही.

तेव्हा ओल येते कुठून ते आधी पाहावे. फुटके कौल, तुंबलेली पन्हळ, भिंतीला टेकवून रचलेली लाकडे. जमिनीतून चढणारी ओल निराळी. ती पायथ्यापासून हातभर वर येते आणि भिंतीवर खाराची पांढरी भुकटी सोडते. अशा भिंतीला ऑइल पेंट फासला तर ओल आत कोंडते आणि रंगाचे पापुद्रे निघतात. इथे आपला जुना चुनाच बरा. त्यावर बुरशी सहसा धरत नाही, आणि भिंतीतली ओल त्यातून उडून जाऊ शकते.

जुन्या घरांत चुलीचीही मदत असे. माळ्यावरचे कांदे, मिरच्या, बियाणे टिकत ते तिच्या धगीने आणि धुराने. गॅस आला हे बायकांच्या डोळ्यांच्या आणि छातीच्या दृष्टीने फार चांगले झाले. चुलीच्या आठवणीने उसासे टाकणाऱ्या पुरुषांपैकी एकालाही मी ती फुंकताना पाहिलेले नाही. पण कौले जाऊन वर स्लॅब आला, आणि भाताची वाफ, दोरीवरचे ओले कपडे, सगळ्यांचा दमटपणा आतच राहू लागला. भर पावसात खिडक्या उघडून उपयोग नाही, बाहेरची हवाच ओली असते. उघडीप पडली की मात्र समोरासमोरची दारे-खिडक्या सताड उघडाव्यात.

बुरशीवर कोरडा झाडू मारू नका, ती घरभर उडते. नाकातोंडाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने पुसावी. दम्याच्या माणसाला तेवढा वेळ शेजारी बसवावे. ब्लीचिंग पावडर वापरलीत, तर तिच्यात अ‍ॅसिड किंवा संडास धुण्याचे औषध मिसळू नका. विषारी वायू निघतो.

गुरुजींनो, शाळेचे कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे घ्या आणि पुस्तके गच्च कोंबू नका. बुरशीची पुस्तके सावलीत, वाऱ्यावर सुकवावीत आणि मग अंगणात नेऊन मऊ ब्रशाने झटकावीत. ओली असताना पुसायला गेलात तर डाग कागदात मुरतो.

एका बाबतीत मात्र पुसून-वाळवून भागत नाही, ते म्हणजे धान्य. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी भागात, बांसवाडा आणि पंचमहाल या जिल्ह्यांत, बुरशी लागलेला मका खाण्यात आला आणि शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. अवेळी पावसात भिजलेल्या कणसांवर ही बुरशी वाढली होती. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. भुईमुगाच्या शेंगांतही ते होते, आणि भाजून किंवा शिजवून पुरते जात नाही. ‘एवढे टाकवत नाही, निदान गाईला घालू,’ असे घरात कोणी म्हणेल. पण ते विष गाईच्या दुधातही उतरते, आणि ते दूध आपलीच मुले पितात. असे धान्य गुरे, कोंबड्या पोचणार नाहीत अशा जागी खोल पुरून टाकावे.