त्याची रात्रपाळी असते



परीक्षा संपत आल्यात. ‘चांगले मार्क मिळव, हॅमस्टर आणू’ असा शब्द कितीतरी घरांत देऊन झाला असेल. कुत्रा म्हटलं की सोसायटीत कटकट, मांजर आजीला चालत नाही, मग उरतो हा मुठीत मावणारा, न भुंकणारा, कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात राहणारा जीव. खर्चही बेताचा. शिवाय मुलाला जबाबदारी कळेल, असं आपण मनाशी म्हणतो. हेतू चांगलाच आहे. पण आईबाबांनो, या सगळ्यात एक गोष्ट विचारायची राहून जाते. तो जागा कधी असतो?

हॅमस्टर दिवसा झोपतो. आज रेडिओवर माझ्या वाट्याला जी मिनिटं आलीत, त्यांतली बरीचशी मी या एका वाक्यावर घालवणार आहे, कारण मी जनावरांची डॉक्टर आहे आणि दवाखान्यात वर्षानुवर्षं तेच पाहते आहे. मुलाच्या बोटाला पट्टी, आईच्या हातात पिंजरा आणि तक्रार अशी, की ‘चावरा निघाला हो.’ मी विचारते, चावला कधी? शाळेतून आल्यावर, चार वाजता. आणि तेव्हा तो काय करत होता? ‘झोपला होता. याने खेळायला बाहेर काढला.’

आता लालबाग-परळच्या चाळींत ज्यांचं लहानपण गेलं, त्यांनी जरा आठवून बघावं. घरात रात्रपाळी करणारा माणूस असायचा. सकाळी गिरणीतून यायचा, चहा घ्यायचा आणि दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा. मग त्या घराचं दिवसभराचं वागणंच बदलायचं. रेडिओ बारीक. भांडी घासायची ती मोरीचं दार लोटून. मुलांनी गॅलरीत खेळायचं, आणि खोलीत काही आणायला जायचं तर पाय न वाजवता. पाच वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असे. बाबा झोपलेत म्हणजे झोपलेत. त्यांना हलवून ‘चला, आपण खेळू’ असं कुणी म्हणत नसे, आणि एखाद्याने म्हटलंच, तर पुढे काय व्हायचं ते मी सांगायला नको. त्या माणसाला कुणी तापट म्हणत नव्हतं. चूक उठवणाऱ्याची धरली जायची.

हॅमस्टरची कायमची रात्रपाळी असते. दिवेलागणीला तो बाहेर येतो, अंग ताणतो, मिशा साफ करतो आणि कामाला लागतो. खणणं, दाणे गोळा करणं, गालांच्या पिशव्यांत भरून ते कोपऱ्यात नेऊन साठवणं आणि पळणं. एका रात्रीत चाकावर काही किलोमीटर पळतो तो. तुमचा दुसरीतला मुलगा तेव्हा गाढ झोपलेला असतो. मुलगा जागा तेव्हा हॅमस्टर झोपलेला, हॅमस्टर जागा तेव्हा मुलगा झोपलेला. मग यांची मैत्री व्हायची कधी?

हा स्वभाव आला कुठून, तेही सांगते. आपल्याकडे मिळणारा सोनेरी हॅमस्टर मूळचा सिरियाचा. १९३० साली इस्राएल आहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळच्या एका शेतात जमीन खोलवर खणवून घेतली. तिथे एक मादी आणि तिची ११ पिल्लं सापडली. ती हवी होती जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात, काळा आजारावर संशोधन करणाऱ्या सॉल अ‍ॅडलर यांना. पिल्लांसकट पकडल्यावर त्या घाबरलेल्या मादीने स्वतःचंच एक पिल्लू मारलं. पुढे काही पळाली, काही मेली, थोडी वाचली, आणि त्या थोडक्यांपासून प्रयोगशाळेत वंश वाढला. आज जगभर घराघरांत जे सोनेरी हॅमस्टर आहेत, ते बहुतेक सगळे त्या एका बिळातले.

म्हणजे बघा, माणसाच्या संगतीत त्यांना अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. कुत्र्याचा आपला सहवास हजारो वर्षांचा आहे. हॅमस्टरच्या अंगात अजून ते अलेप्पोचं शेत आहे. वर रणरणतं ऊन आणि शिकारी पक्षी, म्हणून जमिनीखाली गारव्यात झोपायचं.  झोपेत वरून काही अंगावर आलं, तर ती घार किंवा कोल्हा. त्याची नजर अधू असते, सगळा भरवसा नाकावर. अशात वरून एक हात येतो, त्याला बटाटेवड्याचा वास. तो चावतो ते भीतीने. यात दुष्टपणा कुठला?

आणि तो एकटा राहणारा आहे. गिरणगावात एकेका गाळ्यात पंधरा-वीस कामगार राहायचे, पाळीपाळीने त्याच जागेवर वळकटी पसरायचे. हॅमस्टरला असली भागीदारी चालत नाही. ‘एकटा कंटाळेल बिचारा’ म्हणून प्रेमापोटी दुसरा आणून त्याच पिंजऱ्यात सोडाल, तर सकाळी एक रक्तबंबाळ किंवा मेलेला सापडेल. दुकानात पिल्लं एकत्र दिसतात ती लहान असतात म्हणून. सोनेरी हॅमस्टर वयात आला, की एकाला एक पिंजरा.

मग हॅमस्टर आणूच नये का? जरूर आणावा. आठवी-नववीतली मुलगी रात्री दहापर्यंत अभ्यास करत बसते, तिच्या टेबलाशेजारी तो शोभतो. ती वही मिटेल तेव्हा तो उठलेला असेल. कामावरून उशिरा घरी येणाऱ्या माणसालाही त्याची सोबत चांगली. माझा आग्रह एवढाच, की सहा-सात वर्षांच्या मुलाचा पहिला प्राणी म्हणून तो नको.

लहान मुलासाठी मी सांगीन गिनिपिग. एक नाही, दोन. हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतला प्राणी. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं. त्याला कुठलीच पाळी नाही. दिवसारात्रीत थोडं झोपायचं, थोडं खायचं, परत थोडं झोपायचं. मूल शाळेतून आलं की तो जागा असण्याची शक्यता भरपूर, आणि फ्रिजचं दार उघडल्याचा किंवा भाजीच्या पिशवीचा आवाज आला, की शीळ घातल्यागत ओरडतो. त्या ओरडण्याने मुलं हरखून जातात. आकाराने मोठा, सावकाश चालणारा, सहसा न चावणारा. मात्र उचलताना मुलाने जमिनीवर मांडी घालून बसलं पाहिजे, कारण उभ्या मुलाच्या हातून पडला की त्याची हाडं मोडतात.

दोन का म्हणते? तो कळपातला आहे. एकटा ठेवला तर खंगतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनिपिग एकटा पाळायला कायद्यानेच मनाई आहे. दोन माद्या घ्या, किंवा लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन नर. दुकानदार ‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हणाला तरी जनावरांच्या डॉक्टरकडून एकदा बघून घ्या. मादी महिन्याभराची होते ना होते तोच गाभण राहू शकते. मग तुम्ही आणलेले दोन, आणि दोन-अडीच महिन्यांनी घरात पाच-सहा.

खाण्याचं थोडक्यात. त्याला माणसाप्रमाणेच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबीर, कधी पेरूची लहान फोड. हे मिळालं नाही तर सांधे सुजतात, चालेनासा होतो, आणि घरचे म्हणतात आळशी झालाय. बाकी पोट भरायचं ते गवताने. वाळलेलं गवत सतत समोर हवं. दूर्वा आवडीने खातो, फवारणी झालेल्या लॉनवरच्या मात्र नकोत. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट अजिबात नाही.

दुसरा पर्याय ऐकून काही जण रेडिओ बंद करतील. तो म्हणजे पांढरा किंवा ठिपक्यांचा पाळीव उंदीर. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, आणि उंदीर या प्राण्याची धास्ती त्या पिढ्यांपासून घराघरांत उतरत आली. ती खोटी नाही. रस्त्यावरच्या उंदरांच्या मुतातून पावसाळ्यात लेप्टो आजही होतो. म्हणून पिंजऱ्यात सापडलेला उंदीर किंवा घुशीचं पिल्लू कुणी पाळायला घेऊ नका. पण पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हातावर वाढलेला उंदीर वेगळा. तो हाकेला येतो, खांद्यावर बसतो, छोटे खेळ शिकतो, क्वचितच चावतो. मूळचा तोही रात्रीचाच, पण हा आपली पाळी बदलून घेतो. घरची माणसं संध्याकाळी मोकळी असतात हे आठ-पंधरा दिवसांत ओळखतो आणि त्या वेळी दाराशी येऊन उभा राहतो. हॅमस्टरला हे जमत नाही. उंदीरसुद्धा दोन हवेत, एकाच लिंगाचे. आयुष्य दोन, फार तर तीन वर्षं. हॅमस्टरचंही तेवढंच. गिनिपिग पाच ते सात वर्षं जगतो. तिसरीतल्या मुलाचा हॅमस्टर पाचवीपर्यंत जाणार, हे आणतानाच त्याला सांगायला हवं. ते कसं सांगावं, यावर खूप बोलण्यासारखं आहे, पण घड्याळ पुढे चाललंय.

विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांसाठी दोन शब्द आवश्यक आहेत. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात गिनिपिग आणायची घाई करू नका. तापमान तिशीच्या पुढे गेलं की त्याला धाप लागते, चाळिशीत कूलरशिवाय जगणं कठीण. निकाल मेमध्ये लागला तरी प्राणी पाऊस पडून हवा गार झाल्यावर आणा. मूल रुसेल, रुसू द्या. घरात आधीच असेल तर पिंजरा खिडकीतून काढून घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा, आत शहाबादी फरशीचा तुकडा आणि एक मडकं आडवं करून. मडक्यात तो जाऊन बसेल. हॅमस्टरलाही मडकं आवडतं, कारण आत अंधार असतो.

आणि अंधारावरून पुन्हा माझ्या मूळ मुद्द्यावर येते, कारण मधूनच रेडिओ लावलेले श्रोतेही असतील. तुमच्या घरी हॅमस्टर असेल, तर त्याला दिवसा उठवू नका. पाहुण्यांना दाखवायला नाही, फोटोला नाही, वाढदिवसाला नाही. पिंजरा टीव्हीशेजारी ठेवू नका. मुलाला जवळीक हवी असेल तर संध्याकाळी सातनंतर. हात साबणाने धुवायचे, पिंजऱ्याशी बसून हळू आवाजात बोलायचं, तळहातावर एखादं सूर्यफुलाचं बी ठेवून हात आत नुसता टेकवून ठेवायचा. तो येईल, हुंगेल, पळून जाईल. उद्या परत येईल. रात्रपाळीचा माणूस उठल्यावर त्याच्या हातात चहा द्यायचा आणि मग काय ते मागायचं, हे चाळीतल्या मुलांना जसं कळत होतं, तेवढं इथे कळलं की पुरे. रोज पंधरा मिनिटं असा बसणारा मुलगा थोड्या आठवड्यांत त्याला हातावर घेऊ शकतो. मी हे घडताना पाहिलंय. ज्याला ‘चावरा’ म्हणून माझ्याकडे आणलं होतं, तोच जीव पुढे त्याच मुलाच्या बाहीत शिरून बसायचा. बदललं होतं ते फक्त घड्याळ.

चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का ते ते सांगतील. मुलाला रागावू नका आणि हॅमस्टरलाही आपटू नका. हो, आपटतात लोक. मला त्यावर जास्त बोलवत नाही.

काचेपलीकडून खूण झाली आहे. पिंजऱ्याची मापं सांगायची राहिली, ती भरभर सांगते. हॅमस्टरला लांबीला निदान तीन फूट, तळाशी कागदाच्या कपट्यांचा वीतभर थर, खणायला. कापूस घालू नका, पायांना गुंडाळला जातो. आंघोळ घालू नका. चाक आठ इंचांहून लहान नको, नाहीतर पाठ वाकते. जाळीचंही नको, त्यात पाय अडकतात. सलग पट्टीचं घ्या. ते रात्री कुरकुरत असेल तर आसाला खोबरेल तेलाचा एक थेंब लावा, पण चाक काढून ठेवू नका, कारण... वेळ झाली. नमस्कार.