नळीत बसलं म्हणून काडतूस चालत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारामती तालुक्यात नीरा नदीकाठी सांगवीसारख्या गावांत ऊस वाढला, की त्यात रानडुकरंही शिरतात. मग एखाद्या घरी आजोबांकडून नातवाच्या परवान्यावर आलेली जुनी बंदूक बाहेर निघते आणि प्रश्न येतो, हिला काडतूस कोणतं? उत्तर ठरलेलं असतं: नळीत बसतंय ना, मग चालतंय! हेच उत्तर धोक्याचं आहे.

१८७१ साली ब्रिटिश सैन्यात आलेली मार्टिनी-हेन्री रायफल घ्या. खालचा दांडा ओढला की ती उघडे. तिचं काडतूस काळ्या दारूचं होतं. पुढे तीच रायफल .३०३ काडतुसासाठी बदलली, तेव्हा तिला नळीच नवी बसवली. गंमत अशी, की .३०३ काडतूसही १८८८ साली काळ्या दारूचंच होतं. १८९१ च्या सुमारास त्यात कॉर्डाइट आलं. नाव तेच, माप तेच. पण नव्या दारूने नळीतले जुने आटे लवकर झिजू लागले, म्हणून १८९५ मध्ये आट्यांची घडणच बदलावी लागली.

आपल्याकडच्या बारा बोअरचंही असंच आहे. जुन्या इंग्रजी बंदुकांचं चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, पुष्कळदा ६५ मिलिमीटरची असते. ७० मिलिमीटरचं काडतूसही तिच्यात बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडाला की ते उलगडतं, पुढच्या अरुंद भागात अडतं आणि दाब वाढतो. छर्रे कमी म्हणजे दाब कमी, असंही नाही. दाब दारूच्या जातीवरही ठरतो.

काही जण हेच चेंबर कोरून लांब करून घेतात. पण कोरलं की तिथली भिंत पातळ होते. नळीवरचे चाचणीचे जुने शिक्के मात्र तसेच राहतात आणि कोरण्यापूर्वीच्या नळीची ग्वाही देत बसतात. नळीवर नागमोडी नक्षी असेल, तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून सांधलेली असू शकते. अशा सांध्यातला गंज वरून दिसत नाही.

मग करायचं काय? परवानाधारक बंदूक कारागिराकडून चेंबरची लांबी आणि नळीची जाडी मोजून घ्या. 'नायट्रो प्रूफ' हा शिक्का नसेल, तर धूररहित दारूचं काडतूस वापरू नका. शिक्का असला, तरी तो चेंबर कोरण्यापूर्वीचा नाही ना, हे पाहा. पाकिटावरची लांबी वाचा. आपल्या चेंबरपेक्षा लांब काडतूस घेऊ नका. घरी काडतूस भरू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती, बदल आणि चाचणी यांचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो; गावातल्या लेथवर हे काम देऊ नका. आणि रानडुकरावर बार टाकण्याआधी वनखात्याची परवानगी हवीच.

एवढं पाहूनही शंका उरली, तर त्या बंदुकीतून बार काढू नका. नळी सर्वाधिक दाब सोसते ती चेंबरपाशी, आणि तिथून चालवणाऱ्याचा हात आणि डोळे वीतभर-हातभर अंतरावरच असतात.