"खरूज कोणी आणली?" हा प्रश्नच चुकीचा आहे

आजचा विषय ऐकता ऐकता तुमचा हात आपोआप मनगटाकडे जाईल. विषय आहे खरूज.

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण बिघाड सुरू कुठून झाला हे शोधणं माझं रोजचं काम. खरजेचा माग कसा काढतात हे वाचलं आणि ते काम एकदम ओळखीचं वाटलं.

गावात किंवा वसतिगृहात खरूज पसरली की पहिला प्रश्न येतो, "कोणी आणली?" जो पोरगा सगळ्यात आधी खाजवताना दिसला, तो गुन्हेगार. त्याचं अंथरूण वेगळं, वर "घाणेरडा" हा शिक्का. मग घरोघरी लपवाछपवी सुरू. मेडिकलमधून कुठली तरी स्टेरॉइडची ट्यूब आणतात, खाज दबते, किडा तसाच राहतो.

आता गंमत बघा. खरजेची मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. खाज ही त्यावर शरीराने दिलेली प्रतिक्रिया. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर माणूस ठणठणीत दिसतो आणि शेजारी झोपणाऱ्याला किडा देत राहतो. याउलट ज्याला आधी कधी खरूज झालीये, त्याला १ ते ४ दिवसांतच खाज सुटते. म्हणजे जो पहिला खाजवतोय, त्याला लागण कदाचित सगळ्यात शेवटी झाली असेल! आमच्या भाषेत, एरर आज दिसला म्हणून चूक आजच झाली असं नसतं.

दुसरा संशयित म्हणजे पांघरुणं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या शेफील्डला केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने स्वयंसेवकांना खरूज झालेल्यांची ब्लँकेटं आणि कपडे वापरायला दिले. लागण फार थोड्यांना झाली. खरा रस्ता होता बराच वेळ कातडीला कातडी लागण्याचा. एका चटईवर झोपणारी भावंडं, कडेवरचं बाळ. इथे घाणीपेक्षा दाटीचा आणि मायेचा संबंध जास्त.

मग उपाय कोणावर करायचा? फिजीतल्या तीन बेटांवरच्या वस्त्यांमध्ये हे तपासलं गेलं, निष्कर्ष २०१५ साली आले. एका ठिकाणी फक्त रुग्ण आणि त्यांच्या जवळच्यांना मलम दिलं. वर्षभरात खरजेचं प्रमाण ३६.६ टक्क्यांवरून १८.८ वर आलं. दुसरीकडे सरसकट सगळ्यांना परमेथ्रिन मलम दिलं, ४१.७ वरून १५.८. तिसरीकडे सगळ्या वस्तीला आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, ३२.१ वरून थेट १.९! कोणी आणली हे न विचारता.

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. आपल्याकडे मात्र अजून ती लाजेच्या यादीत आहे.

तर घरात कोणाला रात्री जास्त खाज येत असेल, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल, तर आरोग्य केंद्रात दाखवा. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं, खाज नसलेल्यांनीसुद्धा. लहान मुलं आणि गरोदर बाईसाठी औषध डॉक्टरच ठरवतील. औषधानंतरही २-४ आठवडे खाज राहू शकते, घाबरू नका. आणि त्या पहिल्या पोराचं अंथरूण परत सगळ्यांच्या रांगेत टाका.

हा भाग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!