केशरंग आणि दोन दिवसांची कसोटी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्यासारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकाने वैद्यकाच्या विषयावर बोलावे, हे आपणांपैकी कित्येकांस धाडसाचे वाटेल. परंतु ज्या गोष्टीविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत, तिचा धडा आम्हांस ग्रंथांतून नव्हे, तर स्वतःच्या कातडीवर मिळाला आहे. ती गोष्ट म्हणजे केस रंगविण्यापूर्वी करावयाची त्वचेची चाचणी.

गतवर्षी आमच्या पुतणीचा विवाह होता. कनिष्ठ बंधू हयात नसल्यामुळे कन्यादान आमच्या हातून व्हावयाचे होते. लग्नास तीन दिवस असता आम्ही केस व मिशा रंगविण्यास नेहमीच्या केशकर्तनालयात गेलो. कारागीर म्हणाला, "गुरुजी, पुडीवर लिहिलंय, आधी कानामागे लावून बघायचं. आज थोडं लावतो, परवा या." आम्ही हसून उत्तर दिले, "अरे, चौदा वर्षे लावतो आहे. आता परीक्षा कसली?" उभा जन्म मुलांच्या परीक्षा घेण्यात घालविलेल्या आम्ही स्वतःची परीक्षा मात्र चुकविली! वास्तविक मागील दोन खेपांस टाळूला खाज सुटली होती. पण ती आम्ही उन्हाळ्याच्या माथी मारली होती.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी कपाळाची आग होऊ लागली. लग्नाच्या दिवशी सकाळी दोन्ही डोळे सुजून मिटले होते आणि कानांमागून पाणी झरत होते. कन्यादानास आमच्या जागी चुलत बंधू बसले. मंगलाष्टके आम्ही कार्यालयाच्या मागील अंधाऱ्या खोलीत पडून ऐकली. पुतणी सासरी निघताना पाया पडावयास आली, तेव्हा तिचे मुखही आम्हांस दिसले नाही.

पुढे त्वचारोगाच्या डॉक्टरांनी उलगडा केला. काळ्या केशरंगांपैकी बहुतेकांत पॅराफेनिलिनडायमिन नावाचे रसायन असते. बहुतेकांस ते सोसते. परंतु काहींच्या शरीरातील रक्षक पेशी त्यास शत्रू म्हणून ओळखू लागतात. ही ओळख पहिल्याच वेळी होईल असे नाही. वर्षानुवर्षे वापरल्यावरही ती होते, आणि एकदा झाली की सहसा जन्मभर पुसत नाही. शिवाय हा विकार तत्काळ उमटत नाही, एक ते तीन दिवसांनी उमटतो. म्हणूनच "लावून तासभर पाहिले, काही झाले नाही" ही परीक्षा नव्हे, आणि "चौदा वर्षे लावतो आहे" हे प्रमाणपत्रही नव्हे.

संशयित पदार्थ त्वचेला चिकटवून पाहण्याची रीत याडासोन नामक जर्मन वैद्याने 1895 साली मांडली. डॉक्टर आजही त्याच तत्त्वावर पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी त्या काढतात व पुढेही एकदोन दिवस त्वचा तपासतात. घरची चाचणी इतकी काटेकोर नसते, पण सोपी असते. कानामागची अथवा कोपराच्या आतील बाजूची त्वचा धुऊन कोरडी करावी. पुडीवरील सूचनेप्रमाणे तयार केलेल्या रंगाचा लहानसा ठिपका तेथे लावून वाळू द्यावा आणि 48 तास वाट पाहावी. खाज, लाली, सूज वा फोड दिसल्यास तो रंग वापरू नये, डॉक्टरांस भेटावे. हे प्रत्येक वेळी करावे. ज्यांस पूर्वी त्रास झाला आहे, त्यांनी घरी चाचणीसुद्धा करू नये. प्रथम डॉक्टर गाठावा. भुवया व पापण्यांस हा रंग कदापि लावू नये, दृष्टी गमावण्याचा धोका असतो. रंग लावल्यावर ओठ सुजले किंवा श्वास कोंडला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात जावे.

भगिनींस एक विशेष विनंती. मेंदीच्या निव्वळ पानांचा रंग तांबूस चढतो, काळाभोर चढत नाही. "काळी मेंदी" म्हणून जी मिळते, तीत पुष्कळदा हेच रसायन मिसळलेले असते. समारंभात हौसेने ती मुलांच्या हातांवर काढली, तर पुढे त्यांस केशरंग आयुष्यभर वर्ज्य व्हावयाचा. तसेच "अमोनियारहित" किंवा "नैसर्गिक" हे शब्द वाचून निश्चिंत राहू नये. घटकांची यादी वाचावी.

पांढऱ्या केसांची लाज बाळगू नये, असा उपदेश आम्ही करणार नाही. आम्हीही ते रंगवीतच होतो. इतकेच सांगणे आहे की आपल्या मंडळाचा वधूवर मेळावा जवळ आला आहे, आणि पाठोपाठ घरोघरी कार्ये निघतील. मुहूर्त, आचारी, वाजंत्री ह्यांची टिपणे आपण करतोच. त्यांतच "रंगाची चाचणी" एवढी एक ओळ लिहावी, आणि तिच्यासाठी दोन दिवस राखून ठेवावे. ते दोन दिवस आम्ही वाचविले, आणि ज्या घटकेसाठी सारा खटाटोप केला, ती घटकाच आम्हांस अंतरली.

आता मस्तक पांढरे आहे. पुतणी माहेरी येते तेव्हा म्हणते, "काका, असेच छान दिसता." ती आमचे मन राखते, हे आम्ही जाणतो.