जुन्या मोटारीचा क्लच



सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे पद्मिनी मोटार बाहेर पडू लागली. ती मोटार आता तयार होत नाही. मुंबईची पद्मिनी टॅक्सीदेखील २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तरी एखाद्या गावात, पडवीच्या कडेला, घरच्या माणसासारखी सांभाळलेली पद्मिनी अजून दिसते. अशा गाडीचा क्लच घरी बदलता येईल का? येईल. मात्र या कामाला जोरापेक्षा क्रम अधिक लागतो. क्रम चुकला तर पैसा जातो, आणि एखादे वेळी माणूसही जातो.

आधी क्लच म्हणजे काय ते पाहू. तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. शाफ्टावर दोन पुल्या शेजारी शेजारी असत, एक मोकळी आणि एक घट्ट बसवलेली. पट्टा मोकळ्या पुलीवर असला की इंजिन चालू राही, पण जाते स्वस्थ. दांड्याने पट्टा घट्ट पुलीवर सरकवला की जाते फिरू लागे. मोटारीत हेच काम क्लच करतो. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याला टेकून क्लच प्लेट असते आणि प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगांच्या जोराने तिला चाकावर दाबून धरते. या दाबामुळे इंजिनाचा फेर गिअरबॉक्सला मिळतो. पायाने पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, दाब सुटतो आणि इंजिन व चाके यांची फारकत होते.

शिक्षकबंधूंना हे वर्गात दाखवता येईल. दोन थाळ्या घ्या आणि मध्ये गोणपाटाचा तुकडा ठेवा. खालची थाळी फिरवली तर वरची मागे राहते. वरून दाब दिला की तीही ओढली जाते. घर्षणाचा धडा मुलांच्या कायमचा लक्षात राहील.

आता क्लच खरोखर गेला आहे की नाही, हे कसे ओळखावे? घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, आणि जळकट वास येतो. तेव्हा प्लेट घसरते आहे असे समजावे. उलट पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखरत असेल, तर दाब नीट सुटत नाही. पेडल दाबताच घरघर सुरू झाली, तर संशय बेअरिंगचा घ्यावा. पण गाडी खोलण्यापूर्वी पेडलाची मोकळी चाल अवश्य पाहावी. पेडल सुरुवातीला थोडे सैल जाऊन मग जड लागले पाहिजे. ही सैल चाल उरलीच नसेल, तर पाय काढला तरी प्लेटवर पुरता दाब बसत नाही. अशा वेळी कधी कधी नुसत्या नटाच्या जुळणीने भागते, आणि दोन दिवसांचे काम दहा मिनिटांत होते.

क्लच बदलायचाच ठरला, तर गाडीखाली शिरण्यापूर्वीचा अर्धा तास सर्वांत मोलाचा. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, जाऊ नये. विटा आणि दगडही नकोत. वीट भाराने एकाएकी फुटते. लोखंडी स्टँड भाड्याने मिळाले तर आणावेत. मातीच्या अंगणात त्यांच्याखाली जाड फळ्या घालाव्यात. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावावेत आणि बॅटरीची वायर सोडावी. गाडी स्टँडवर बसली की बाहेर उभे राहून तिला चांगली हलवून पाहावी. डगमगली तर आत जाऊ नये. आणि काम चालू असता दुसरा माणूस जवळ हवाच.

पद्मिनीचे इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. म्हणून इंजिन जागेवर ठेवून गिअरबॉक्स मागे ओढून खाली घेता येतो. प्रॉपेलर शाफ्ट सोडताना जोडावर खूण करावी, म्हणजे तो पुन्हा तसाच बसेल. गिअरच्या काड्या, क्लचचा जोड आणि स्पीडोमीटरची केबल सोडवावी. इंजिनाखाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा. गिअरबॉक्स छातीवर झेलू नये. त्याच्याखाली दुसरा जॅक लावावा. तो आपल्या शाफ्टावर लोंबकळू देऊ नये, नाहीतर प्लेट वाकते.

आत काळी भुकटी दिसेल. ती फुंकू नका, हवेचा झोतही मारू नका. जुन्या प्लेटांत अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. तोंडावर चांगला मास्क बांधून ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करावेत. जुनी प्लेट कोणत्या तोंडाने बसली होती ते लिहून ठेवावे आणि ती दुकानात बरोबर न्यावी; जोडी मापाने जुळवावी, अंदाजाने नव्हे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग ही तिन्ही एकदमच बदलावीत. एका बेअरिंगसाठी पुन्हा सगळे उतरवावे लागले, तर वाचवलेले पैसे महाग पडतात. प्लेटवर तेल दिसले, तर आधी गळती थांबवावी. फ्लायव्हीलवर तडे, खोल चरे किंवा उष्णतेचे निळे डाग असतील, तर ते लेथवाल्याला दाखवावे.

नवी प्लेट बरोबर मध्यभागी बसली पाहिजे. गावच्या सुताराकडून मापाची लाकडी खुंटी करून घेतली की हे काम सोपे होते. खुंटी घालून बोल्ट समोरासमोरचे, हळूहळू आवळावेत. गिअरबॉक्स सरळ रेषेत आत सरकला पाहिजे. अडला तर बोल्टांनी ओढू नये. खाली घेऊन पुन्हा पाहावे. शेवटी गिअरबॉक्सात तेल भरावे आणि पेडलाची मोकळी चाल जुळवावी.

पहिले काही दिवस गाडी जपून चालवावी. पाय विनाकारण पेडलावर ठेवू नये आणि चढावर गाडी अर्ध्या क्लचवर रोखून धरू नये. त्यासाठी हँडब्रेक आहे. बरेच क्लच या दोन सवयींनीच लवकर झिजतात.

पक्की जमीन, मजबूत स्टँड आणि जोडीदार या तीन गोष्टी जवळ नसतील, तर गाडी खुशाल तालुक्याच्या मिस्त्रीकडे न्यावी. त्यात कमीपणा मुळीच नाही. त्या असतील, तर सावकाश कामाला लागावे.